मोनाप्पाण्णांनी हत्यारं विकली

मोनाप्पा सुतारांनी कारखाना बंद करायचं ठरवलं तेव्हा हत्यारांची यादी लिहायला मला बोलावलं. मी गणिताची शिक्षिका. लाकडातलं मला काही कळत नाही. पण निपाणीत बावीस वर्षं मी त्यांच्या कारखान्यासमोर राहिले आणि माझं अक्षर चांगलं आहे असा त्यांचा समज होता.

"बाई, तुमचं लिवणं सुटं असतंय," ते म्हणाले. "वाचणाऱ्याला अक्षर हुडकाय लागत न्हाय."

त्यांचं स्वतःचं शिक्षण तिसरीपर्यंत, तेही कानडी शाळेत. मराठी जन्मभर बोलले, पण लिहिली कधी नाही. मापं कानडी आकड्यांत टाकायचे, लाकडावर, भिंतीवर, कधी स्वतःच्या तळहातावर. सगळे त्यांना मोनाप्पाण्णा म्हणत. त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठी माणसंसुद्धा.

कारखाना म्हणजे रस्त्याच्या बाजूनं उघडी असलेली एक लांबट पत्र्याची शेड. शेजारी तंबाखूची वखार. सागवानाचा भुसा आणि तंबाखू या दोन्हींचा मिळून एक वास आमच्या गल्लीला होता. मी बेळगावहून, खासबागेतून, लग्न होऊन इथं आले तेव्हा त्या वासानं माझं डोकं दुखायचं. पुढं सुट्टीत माहेरी गेले की काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं.

अण्णा बुटके, रुंद खांद्यांचे. अंगात बंडी, डोक्यावर पांढरी टोपी. तिच्या घडीत पेन्सिलीचा तुकडा खोचलेला. त्यांची एक खोड साऱ्या निपाणीला माहीत होती. कुणाच्याही घरी गेले तरी बसायच्या आधी ते खुर्ची उलटी करून खालून बघायचे. माझ्या मुलीच्या साखरपुड्याला आले, तेव्हा भटजी मंत्र म्हणत होते आणि अण्णा मागच्या रांगेत एक पाट आडवा करून त्याच्या पोटाकडं बघत होते. मी नजरेनं दटावलं. नंतर जेवताना म्हणाले, "वरनं काय, कोणबी गुळगुळीत करतंय. सुतार कसा हाय ते खाली कळतंय."

त्यांची माझी ओळख झाली ती स्वयंपाकघराच्या दारावरून. आम्ही नवीन राहायला आलो होतो आणि ते दार चौकटीला घासायचं. लागेना, लागलं तर उघडेना. मी अण्णांना सांगून आले की थोडं रंधून द्या. ते रंधा न घेताच आले. दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. मग पाय दुमडून उंबऱ्यापाशी बसले आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. मला शाळेची घाई.

"अण्णा, जरा तासलं की झालं ना?"

"दाराला काय झालेलं न्हाय बाई. ह्यो कोपरा खचलाय घराचा. त्याची शिक्षा दाराला कशापायी?"

त्यांनी वरची बिजागरी काढून केसभर सरकवून बसवली. दार लागलं. लाकडाचा एक कपटासुद्धा उडवला नाही.

स्वतः केलेल्या प्रत्येक दाराला ते वर्षानं एकदा भेट द्यायचे. बोलावलेलं नसायचं. उन्हाळा सरला की टोपी झटकून निघायचे. त्या घरी जायचं, दार तीनदा उघडून लावायचं, कडी सरकवून बघायची आणि निघायचं. चहा दिला तर घ्यायचा, नाही दिला तरी राग नाही. "हवा बदलली की लाकूड हालतंय, बघून यावं," एवढंच म्हणायचे. नवीन माणसांना वाटे, हा काहीतरी मागायला आला आहे. जुनी माणसं वाट बघत.

त्यांच्या हट्टाची एक गोष्ट निपाणीत आजही सांगतात. चिकोडी रस्त्यावर एका जैन अडत्यांचं घर होतं. त्याचं दोन झडपांचं पुढचं दार अण्णांनी तरुणपणी केलेलं. वडील गेल्यावर दोघा भावांत वाटणी झाली. भांडी, जमीन, घर सगळं वाटलं आणि शेवटी दारावर येऊन अडलं. धाकटा म्हणाला, एक झडप माझी. थोरला म्हणाला, ने. मधली पट्टी कापून दोन्ही झडपा वेगळ्या बसवून द्यायचं काम अण्णांकडे आलं.

अण्णा म्हणाले, "करतो की. तेवढी करवत धारेला गेलीया चिकोडीला. आठ दिसांत येतीया."

आठ दिवसांनी करवत आली नव्हती. महिन्यानं आली नव्हती. धाकटा भाऊ मोटारसायकलवरून येऊन विचारून जायचा. अण्णा त्याला चहा पाजायचे, कानडीत त्याच्या पोरांची चौकशी करायचे आणि चिकोडीच्या धारवाल्याला शिव्या घालायचे. चिकोडीत असा कुणी धारवाला नव्हता. अण्णा आपल्या करवतीला कारखान्याबाहेरच्या कुणाचा हात लागू देत नाहीत, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, त्या भावालाही असणार. पाच महिने हे चाललं. शेवटी धाकट्यानं कंटाळून आपल्या भागाला लोखंडी दार बसवलं आणि थोरल्याकडं ते सागवानी दार अखंड राहिलं. धाकट्याच्या मुलीच्या लग्नाचा मांडव मात्र त्याच दारासमोर पडला. अण्णा जेवायला गेले होते. परत आल्यावर मी विचारलं, "करवत आली का अण्णा चिकोडीहून?"

"आली की," ते म्हणाले. "आजच आली."

एकदा मी त्यांना शाळेत बोलावलं. नववीच्या मुलींना पायथागोरस शिकवत होते आणि कुणाच्या चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं. अण्णा धुतलेला सदरा घालून आले, खुर्चीवर बसायला तयार होईनात. खिशातून गाठी मारलेली दोरी काढली. तीन गाठी इकडं, चार तिकडं, पाच तिरक्या. वर्गाच्या फरशीवर दोरी ताणून म्हणाले, "ह्यो काटकोन. ह्यात फरक पडला तर पुस्तक चुकलं, दोरी न्हाय." मुली हसल्या. एकीनं विचारलं, अण्णा, हे तुम्हाला कुणी शिकवलं?

"आमच्या आप्पानं."

"त्यांना कुणी सांगितलं असं का होतं ते?"

अण्णांनी विचार केला. "का व्हतंय ते त्येला ठावं नव्हतं बाळ. व्हतंय एवढं ठावं होतं. का ते बाईंस्नी इचार."

इतकी वर्षं मी हा सिद्धांत शिकवते आहे, पण त्या दिवशीइतकं नीट मला तो कधी सांगता आला नाही.

अण्णांबद्दल बोलायचं तर गौसभाईंबद्दल बोलावंच लागतं. मी आले तेव्हापासून कारखान्यात ती दोन माणसं होती. गौसभाई अण्णांहून दहा-बारा वर्षांनी लहान, उंच, गळ्यात रुमाल. अण्णा आखायचे, गौसभाई कापायचे. त्यांच्यात बोलणं फारसं नसे. अण्णांनी हात पुढं केला की गौसभाई त्यात पाहिजे तीच पटाशी ठेवत. दुपारी दोघं बाकावरचा भुसा झाडून डबे उघडत. अण्णा शाकाहारी, म्हणून बारा महिने गौसभाईंच्या डब्यात भाजीच असे. त्यांच्या बायकोनं मला एकदा सांगितलं, "मटण केलं तरी ह्यांच्यासाठी वेगळी वांगी करावी लागतात."

मग तो अपघात झाला. परीक्षेचे दिवस होते, मी दुपारी घरी पेपर तपासत होते. कारखान्यातल्या कटर मशीनचा आवाज आमच्या इतका सवयीचा की तो चालू असताना ऐकू येत नसे. त्या दिवशी तो एकाएकी थांबला आणि मी मान वर केली. बाहेर आले तर अण्णा गौसभाईंचा डावा हात स्वतःच्या टोपीत गुंडाळून रिक्षात बसत होते. अण्णांचं उघडं डोकं मी पहिल्यांदाच पाहिलं. निपाणीतून कोल्हापूरला नेलं. जीवाला धोका नव्हता, पण डाव्या हाताची शेवटची दोन बोटं गेली.

लोक विचारायला आले, त्या सगळ्यांना गौसभाईंनी एकच सांगितलं, "माझंच ध्यान नव्हतं." अण्णा शेजारी उभे असत.

हात बरा झाल्यावर गौसभाई कारखान्यात परत आले नाहीत. स्टँडजवळ त्यांनी केळ्यांचा गाडा लावला. भांडण झालं नव्हतं. निदान कुणी ऐकलं नव्हतं. ईदला शीरखुर्मा यायचा, दिवाळीला इकडून फराळ जायचा, पण डबा न्यायला-आणायला पोरंबाळं असत. अण्णा स्टँडच्या बाजूला जायचे बंद झाले. कोल्हापूरला जायचं असलं तरी पुढं हायवेवर जाऊन एस.टी.ला हात करत. दारांच्या वार्षिक भेटीसुद्धा त्या बाजूच्या तेवढ्या राहून जाऊ लागल्या. नऊ वर्षं. एवढ्या लहान गावात एका माणसाला नऊ वर्षं टाळायचं म्हणजे रोज लक्षात ठेवून टाळावं लागतं.

पुढं अण्णांचा हात थरथरायला लागला. आधी उजव्या हाताचा अंगठा, मग सगळा पंजा. मला ते कळलं बशीमुळं. चहाची कपबशी हातात दिली की ती किणकिणायची. पुढं त्यांनी बशी नको म्हणायला सुरुवात केली. बेळगावच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. मुलगा हुबळीला कंपनीत, तो म्हणाला, आता बास. त्यांच्या पत्नी शांताक्का जळणासाठी कपटे न्यायला आल्या की अण्णांच्या हाताकडं बघत थोडा वेळ उभ्या राहत.

एका सकाळी अण्णा वहीच्या चार पानांसह आमच्या दारात आले. "लिवून घेता का बाई, काय काय हाय ते? ईकतोय समदं."

कारखान्यात स्टुलावर बसून मी लिहायला लागले. मला वाटलं, तासाभरात होईल. अण्णांनी पहिला रंधा हातात घेतला.

"लिवा. मोठा रंधा. सागवानाला चालतोय. आंब्याच्या लाकडावर घालू नगा, चिडतोय."

मी वर पाहिलं. "हे सगळं लिहू?"

"मग? घेणाऱ्याला कसं कळायचं?"

मी लिहिलं. पुढची पटाशी: धार उतरती द्यावी, घाईच्या माणसानं घेऊ नये. गुण्या, म्हणजे काटकोन बघायची पट्टी: आप्पांचा, म्हणजे वडिलांचा, खाली पडू देऊ नये. एक वाकडी करवत होती: वाकडी दिसते पण सरळ कापते, सरळ करायला जाऊ नये. दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी शेडच्या मागच्या बाजूला त्या मशीनपाशी आलो. नऊ वर्षांत त्यांनी ते फारसं चालवलंच नव्हतं, जाड लाकूड बाहेरून कापून आणत. मी पेन उघडून थांबले.

"त्ये ऱ्हाऊ द्या," अण्णा म्हणाले आणि बाहेर गेले.

विक्री आठवडाभर चालली. संकेश्वर, चिकोडी, खानापूर अशा ठिकाणांहून सुतार आले. अण्णा प्रत्येकाला वाचून दाखवायला मला बोलावायचे, म्हणून शाळा सुटली की मी तिथंच. हायवेवर नवीन हॉटेल काढणारा एक तरुण गाडीतून आला. त्याला जुनी हत्यारं भिंतीवर शोभेला टांगायची होती. आता अण्णा याला हाकलणार असं मला वाटलं. त्यांनी त्याला शेडमधले तीन झिजलेले रंधे शोधून दिले. "ह्यांनी लई काम केलंय. आता टांगून ऱ्हायले तर बरंच हाय," म्हणाले. तरुण खूश. मग त्यानं आप्पांचा गुण्या उचलला. अण्णांनी तो हळूच त्याच्या हातातून काढून घेतला. "ह्यो अजून थकला न्हाय."

तो गुण्या कुणाला गेला, त्याचं मला अजून नवल वाटतं. निपाणीत फर्निचरची कामं करणारा एक राजस्थानी सुतार होता, भंवरलाल. तो आला, त्यानं कशाचीही किंमत न विचारता एक स्टूल उचललं आणि उलटं करून खालचा सांधा बघितला. अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मग आपल्या मोडक्या हिंदीत त्याला म्हणाले, "ये तुम लेके जाव. पैसा नको. गिराना मत." भंवरलालनं गुण्या दोन्ही हातांनी घेतला.

मशीनला गिऱ्हाईक होतं. चिकोडीजवळच्या गावचा शिवानंद म्हणून सुतार दोनदा टेम्पो घेऊन येऊन गेला होता. दोन्ही वेळा अण्णांनी त्याला उद्या ये म्हणून सांगितलं. करवतीची पाच महिन्यांची गोष्ट मला आठवली आणि वाटलं, हे मशीन काही विकलं जात नाही. पण त्या शुक्रवारी मी शाळेतून आले तेव्हा अण्णा मशीनपुढं जमिनीवर बसले होते. मांडीवर एक गंजलेलं लोखंडी टोपण होतं. मशीनच्या फिरत्या पात्यावर, हात जाऊ नये म्हणून बसवतात ते.

"हे कुठं होतं?" मी विचारलं.

"फळीमागं. माझ्याच हातानं ठेवल्यालं. त्या दिशी जाड फळी जाईना, म्हणून सकाळी मीच काढलं. परत बसवायचं ध्यानात ऱ्हायलं न्हाय. गौस जेवून आला आन त्यानं चालू केलं."

"समद्यांनी म्हटलं गौसचं ध्यान नव्हतं. त्यो बी म्हणला. मी उभा ऱ्हाऊन ऐकलं, बाई."

ते टोपण बसवायला बघत होते. चार नटबोल्ट, दहा मिनिटांचं काम. पण बोल्टच्या तोंडाशी नट नेला की हात थरथरायचा आणि नट निसटून भुशात पडायचा. अण्णा भुसा चिवडून तो शोधायचे आणि पुन्हा सुरुवात करायचे. मी हात पुढं केला, तर मान हलवून नको म्हणाले. नंतर माझ्याकडं न बघता म्हणाले, "स्टँडकडं जाताय का? गौसला म्हणावं, शिवानंद उद्या दहाला मशीन न्यायला येतोय. तवा तू हितं पायजेस म्हणावं. येईल न येईल."

मी त्याच पावली गेले. गौसभाई घडातून केळी तोडत होते. डाव्या हाताच्या उरलेल्या तीन बोटांनी घड धरायची त्यांची एक पद्धत बसून गेली होती. मी निरोप सांगितला. त्यांनी गिऱ्हाईकाला केळी दिली, रुमालानं हात पुसला.

"अण्णांनी स्वतः सांगितलं?"

"हो."

"माझं नाव घेऊन?"

"हो गौसभाई."

त्यांनी मला एक डझन केळी दिली आणि पैसे घेतले नाहीत.

शनिवारी शाळा सकाळची. मी अर्धी रजा टाकली. दहाला शिवानंद टेम्पो घेऊन आला, बरोबर मशीन उचलायला चार माणसं. वखारीतले दोघंतिघं बघायला आलेले. शांताक्का दाराशी उभ्या. गौसभाई आले ते चालत, इस्त्रीचा सदरा घालून. शेडच्या तोंडाशी येऊन थांबले, आत आले नाहीत.

अण्णा उठून उभे राहिले. मशीनवर हात ठेवला, बहुतेक तो हलू नये म्हणून. शिवानंदला म्हणाले, "न्यायच्या आधी एक ऐकून घे. ह्या मशीननं ह्या माणसाची दोन बोटं घेतल्यात. मशीनची चूक नव्हती, ह्याची बी नव्हती. पात्यावरचं टोपण मी काढलं होतं आन परत लावलं नव्हतं. नऊ वर्सं मी हे कुणाला सांगितलं न्हाय. तू टोपणाबिगार चालवणार असशील तर मला ईकायचं न्हाय."

शिवानंद गडबडला. "न्हाय अण्णा, लावूनच चालवीन," म्हणाला. वखारीतली माणसं खाली बघायला लागली. शांताक्कांनी पदर तोंडाला लावला. त्यांनाही ते त्या क्षणीच कळत होतं.

गौसभाई म्हणाले, "मला ठाऊक होतं अण्णा."

"काय?"

"टोपण नव्हतं ते. मशीन चालू करताना बघितलं मी. म्हटलं, दोन कापं मारायची हायत, कोण लावत बसतंय. म्हणून तर माझं ध्यान नव्हतं म्हटलो. खोटं न्हाय बोललो मी."

गौसभाईंचा आवाज हळूहळू चढत गेला. इतक्या वर्षांत मी तो कधी चढलेला ऐकला नव्हता.

"मला बोटांचं काय न्हाय. तीन बोटांत बी भागतंय माझं. पण नऊ वर्सं स्टँडवर उभा हाय मी. रोज शंभर माणसं केळी घेत्यात. तुमी एकदा आला न्हाय. कोल्हापूरला जायला हायवेपतोर चालत गेला, पण माझ्या गाड्यावरनं गेला न्हाय. मला वाटलं, काम जमत न्हाय आता ह्याला, म्हणून अण्णांनी सोडलं."

"कुठल्या तोंडानं येणार होतो रं?"

"हाय त्याच तोंडानं यायचं. दुसरं कुठलं आणणार होता?"

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. अण्णांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. ते पुसायला हात उचलला तर तो इतका कापत होता की चेहऱ्यापर्यंत नीट जाईना. गौसभाईंनी तो हात असा पहिल्यांदाच बघितला. ते आत आले. चपला बाहेर काढून आले, पूर्वी यायचे तसे.

"हे कवापासनं?"

"झाली दोन वर्सं."

"आन मला कोण सांगणार?"

गौसभाई खाली बसले, टोपण उचलून पात्यावर धरलं आणि हात पुढं केला. अण्णांनी त्यात नट ठेवला. तीन बोटांनी गौसभाईंनी तो बोल्टवर चढवला, अण्णांनी दोन्ही हातांनी पाना धरला, पान्यावरून गौसभाईंनी त्यांचे हात धरले. एकेक करत चारही झाले. शिवानंदची माणसं ताटकळत उभी होती, पण घाई करा असं कुणी म्हणालं नाही.

मशीन टेम्पोत चढलं. टेम्पो वळणावरून गेला तरी ते दोघं शेडच्या तोंडाशी उभेच. गौसभाई म्हणाले, "डबा आणलाय. वांगी हायत." बाक आदल्या दिवशीच विकला गेला होता. त्यांनी जमिनीवरचा भुसा झाडला आणि तिथंच बसले. मी घरी गेले. त्यांच्यात काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. झालं असेल तर थोडंच झालं असेल.

महिन्याभरात शेड रिकामी करून मालकाला दिली. आता तिथं मोबाईलचं दुकान आहे. मुलानं हुबळीला चला म्हणून फार आग्रह केला, पण अण्णा निपाणीतच राहिले. पुढं माझी बदली बेळगावला झाली आणि मी खासबागेत परत आले. पहिले काही दिवस घराची दारं तेवढी मी अकारण उघडून लावून बघत होते.

अण्णांना शेवटचं पाहिलं ते बेळगावातच, गेल्या हिवाळ्यात, सकाळी अकराच्या सुमाराला. मी रिक्षानं शाळेत चालले होते आणि चौकात सिग्नलला थांबलो होतो. समोरून रस्ता ओलांडत अण्णा आणि गौसभाई चालले होते. अण्णा बरेच खंगले होते, पाऊल उचलत नव्हतं, घासत पुढं सरकत होतं. गौसभाईंच्या काखेत औषधांची पिशवी आणि दवाखान्याची मोठी फाईल. डाव्या हातानं त्यांनी अण्णांचा दंड धरला होता. उजवा हात गाड्यांना थांबा म्हणून वर केलेला. शांताक्कांकडून मला पुढं कळलं की दर महिन्याला डॉक्टरांकडं तेच घेऊन येत. त्या दिवशी गाडा बंद ठेवत.

रस्त्याच्या मधोमध अण्णा थांबले. त्यांना काहीतरी सांगायचं होतं, समोरच्या कुठल्याशा दुकानाकडं बोट करून. ते बोट हवेत थरथरत होतं, त्यामुळं नेमकं काय दाखवतायत ते कळत नव्हतं. सिग्नल सुटला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. गौसभाईंनी घाई केली नाही. त्यांनी मान खाली करून अण्णांच्या तोंडाजवळ कान नेला, ते सगळं ऐकून घेतलं आणि त्या दुकानाकडं बघून मान हलवली.

मी हाक मारायला तोंड उघडलं होतं. रिक्षा निघाली. काचेतून मागं पाहिलं तेव्हा दोघं अजून रस्त्याच्या मध्येच होते आणि गाड्या त्यांना वळसा घालून जात होत्या.